सिलिंडर सगळ्यांच्या आधी संपतो? श्वासाला हात शेवटी लावा

चौघं स्कूबा डाइव्हला एकत्र समुद्रात उतरतात, बेत पंचेचाळीस मिनिटांचा असतो, आणि पंचविसाव्या मिनिटाला एकाच्या गेजवर (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावर) २०० पैकी ७० बार. त्याच्यामुळे सगळ्यांना वर यावं लागतं. बोटीवर आल्यावर ठरलेलं वाक्य येतं, "दम कमी पडतोय बघा माझा." मग दुसऱ्या डाइव्हला तो श्वास आवरून, मोजून घ्यायला लागतो. हवा तेवढीच जाते, कधी जास्तच, आणि वर आल्यावर डोकं ठणकतं ते वेगळं.

कोल्हापुरातून मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या डाइव्हरांमध्ये ही तक्रार धट्ट्याकट्ट्या माणसांची जास्त असते. तालमीत जोर-बैठका मारलेला, पंचगंगेत पोहायला शिकलेला गडी, तरी हवा त्याचीच आधी संपते. त्यात नवल नाही. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. स्नायू जितके जास्त आणि ते जितके राबतात, तितका हा वायू जास्त तयार होतो आणि तितका श्वास वाढतो. छाती मोठी असून भागत नाही. पाण्याखाली शरीर किती राबतंय यावर सिलिंडर किती टिकणार ते ठरतं. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग गळती, मग वजन, मग अंगाची ठेवण आणि पाय. श्वास सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात.

आधी आकडा काढा

"माझी हवा लवकर संपते" यावरून काहीच कळत नाही. किती खोलीवर, किती मिनिटांत, किती लिटरच्या सिलिंडरमधून, हे लागतं. समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. तोच श्वास २० मीटरवर तिप्पट हवा खातो. त्यामुळे वेगवेगळ्या खोलीवरच्या डाइव्हची तुलना करायची तर खप पृष्ठभागाच्या हिशोबात आणावा लागतो.

पद्धत सोपी आहे. १० मीटरवर, प्रवाह नसताना, नेहमीच्या चालीने १० मिनिटं पोहा. खोली बदलू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा दाब लिहून ठेवा. समजा १७० वरून १३४ बारवर आलात. ३६ बार गेले. आपल्याकडे सर्रास मिळतो तो अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. (पाण्याची क्षमता सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते, एकदा बघून खात्री करा.) ३६ गुणिले ११.१ म्हणजे ४०० लिटर. १० मिनिटांनी भागलं की ४०, आणि तिथल्या २ बार दाबाने भागलं की २०. तुमचा खप मिनिटाला २० लिटर.

नवख्या डाइव्हरचा आकडा २० ते २५ च्या घरात, कधी त्याहून वर असतो. सरावलेल्यांचा १५ च्या आसपास किंवा त्याखाली येतो. पण सडपातळ बडीचा (सोबत उतरणाऱ्या जोडीदाराचा) आकडा १२ आहे म्हणून ९० किलोच्या माणसाने तो गाठायचा ध्यास घेऊ नये. तुलना स्वतःच्या मागच्या आकड्याशीच करावी.

या आकड्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो ते बघा. २०० बारने उतरायचं आणि ६० बारला वर निघायचं, म्हणजे वापरायला १४० बार, साधारण १,५५० लिटर. १६ मीटरवर दाब २.६ बार. खप २४ असेल तर तिथे जेमतेम २५ मिनिटं मिळतात. २० असेल तर ३०, आणि १५ वर आणलात तर ४० मिनिटं.

गेज पीएसआयमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. २०० बार म्हणजे २,९०० आणि ५० बार म्हणजे साधारण ७००. एक बारीक गोष्ट: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या तलावात पृष्ठभागावरचा दाब समुद्रापेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी असतो. इथे सरावात काढलेला आकडा आणि मालवणला काढलेला आकडा थोडा वेगळा आला तर गोंधळू नका. मुख्य नोंद समुद्रातलीच धरा.

पहिल्या पाच मिनिटांतच १० बार गेले

ही हवा तुम्ही ओढलेलीच नसते. उन्हात बोटीवर पडलेला सिलिंडर ४५ अंशांपर्यंत तापतो, तेव्हा गेज २०० दाखवतं. पाण्यात तो २८ अंशांवर आला की तीच हवा आकसते आणि गेज १९० च्या खाली येतं. सिलिंडर सावलीत ठेवा, ओलं फडकं टाका, आणि मोजणी पाण्यात पाच मिनिटं झाल्यावर सुरू करा. नुकताच भरलेला गरम सिलिंडर असेल तरी हाच प्रकार होतो.

गळती

डाइव्हच्या आधी सगळं जोडून सिलिंडर उघडा, दाब बघा, व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. मग पाण्यात ३ ते ५ मीटरवर थांबून बडीने मागून नीट बघायचं: व्हॉल्व्ह आणि फर्स्ट स्टेजचा (रेग्युलेटरचा, म्हणजे तोंडाला हवा पुरवणाऱ्या यंत्राचा, सिलिंडरवर बसणारा भाग) जोड, होजची (हवेच्या नळीची) दोन्ही टोकं, गेजचा फिरता सांधा, ऑक्टोपस (बडीसाठी ठेवलेलं जादा तोंड), इन्फ्लेटरचं (जॅकेटमध्ये हवा भरायचं) बटण, जॅकेटचे (तोल सांभाळायला हवा भरतात त्याचे) डम्प व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडायच्या झडपा. गळती स्वतःला दिसत नाही, ती पाठीमागे असते. हे बडीचं काम आहे आणि त्याने ते मन लावून करावं.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडावरची ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद करणारं रबरी कडं. योक पद्धतीच्या (रेग्युलेटर चापाने आवळायच्या) व्हॉल्व्हला ०१४ मापाची, ९० ड्युरोची (ड्युरो म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) कडक रिंग लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओ-रिंगला तोटा नाही, पण दुकानात सहज हाताला येते ती बहुधा ७० ड्युरोची मऊ रिंग. मापाला अगदी बसते, हाताला फरक कळत नाही, आणि २०० बारच्या दाबाखाली खाचेतून बाहेर ढकलली जाते. घेताना माप आणि कडकपणा दोन्ही सांगून घ्या, आणि अशा पाच-सहा रिंगा डबीत कायम ठेवा. रिंगेवर नखाने हलकं दाबून बघा: चीर, सपाट झालेली कड किंवा वाळूचा कण दिसला की बदला. रेग्युलेटरच्या आतल्या रिंगा मात्र स्वतः बदलू नका, ते काम शिकलेल्या माणसाचं.

गेजच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची सर निघत असेल तर हवा फार जात नाही, कारण उच्च दाबाच्या होजला हवा सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येते. तरी तो सांधा पुढच्या डाइव्हआधी दुरुस्त व्हायला हवा. कमी दाबाची होज मात्र फुटली तर सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. होजच्या टोकाचं रबरी कव्हर मागे सरकवून तिथे चिरा पडल्यात का ते दर सीझनच्या सुरुवातीला बघा.

ऑक्टोपस उडी मारताना किंवा प्रवाहात तोंड वर होऊन बुडबुडे सोडत राहतो. त्याचं तोंड खाली वळवलं की थांबतो. तो नीट अडकवून ठेवा, लोंबकळू देऊ नका. आणि रेग्युलेटर ओढायला जड लागत असेल, ओला श्वास येत असेल, तर वर्ष उलटून गेलेलं सर्व्हिसिंग हे बऱ्याचदा कारण असतं. जड रेग्युलेटरवर श्वास घेणं हीसुद्धा मेहनतच आहे.

वजन: इथेच निम्मं काम आहे

बोटीवर बुडण्यासाठी बांधायच्या वजनांचा पट्टा देणारा माणूस तुमच्याकडे एक नजर टाकतो आणि अंगाच्या मापाने वजन देतो. धिप्पाड दिसलात की आठ किलो. पण तालमीतल्या अंगात चरबी कमी आणि स्नायू जास्त असतात, ते मुळातच पाण्यात बुडतं. त्याला वजन कमी लागतं आणि मिळतं मात्र जास्त. शिवाय शिकताना शिक्षकाने विद्यार्थी तळाला स्थिर राहावा म्हणून दोन किलो जादा दिलेले असतात, आणि तोच आकडा माणूस पुढे पन्नास डाइव्ह बाळगतो.

जादा वजनाने हवा कशी जाते हे नीट समजून घ्या. ४ किलो जास्त असतील तर ते तोलायला जॅकेटमध्ये ४ लिटर हवा भरावी लागते. १६ मीटरवर ती पृष्ठभागाच्या हिशोबाने १० लिटर, म्हणजे सिलिंडरचा १ बारसुद्धा नाही. खरं नुकसान त्या हवेचं नाहीच. पट्टा कंबरेला खाली ओढतो, जॅकेटमधली हवा छाती वर उचलते, आणि माणूस पाण्यात तिरका उभा राहतो. आता तो पाय मारतो तेव्हा पुढे कमी आणि वर जास्त जातो. वर जातोय म्हणून हवा सोडतो, मग खाली जातो, पुन्हा भरतो. तिरक्या अंगाला पाणीही जास्त अडवतं. पूर्ण डाइव्हभर तो चढण चढत असतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. हे सुधारलं की आकडा कुठलाही श्वासाचा व्यायाम न करता खाली येतो.

तपासणी डाइव्हच्या शेवटी करा, ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपवर (वर येताना घ्यायच्या थांब्यावर), सिलिंडरमध्ये ५० बार असताना. जॅकेट पूर्ण रिकामं करा, हातपाय थांबवा, नेहमीसारखा श्वास घ्या. जागच्या जागी राहिलात तर वजन बरोबर. खाली जात असाल तर पुढच्या डाइव्हला १ किलो काढा, पुन्हा बघा. एकदम तीन-चार किलो काढू नका. हलके झालात तर स्टॉपवर थांबता येणार नाही, ते जास्त वाईट.

डाइव्हआधी, भरल्या सिलिंडरने तपासायचं तर पृष्ठभागावर उभे राहा, रेग्युलेटर तोंडात, जॅकेट रिकामं, छातीत अर्धा श्वास. पाण्याची रेघ डोळ्यांपाशी यावी आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. एवढं जमलं की वर २ किलो घाला. २०० वरून ५० बारवर येताना सुमारे १,६५० लिटर हवा जाते आणि तिचं वजन २ किलो भरतं. सिलिंडर शेवटी तेवढा हलका होतो.

कोल्हापुरात तलावात सराव करणाऱ्यांनी गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा फरक विसरू नये. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड. सगळ्या सामानासकट तुमचा भार १०० किलो असेल तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतील. तलावात ४ किलोवर बरोबर तोललेला माणूस मालवणला साडेसहापासून सुरुवात करेल, तीही त्याच वेटसूटवर. सूट बदलला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

अंगाची ठेवण आणि पाय

वजन बरोबर झाल्यावरही अंग आडवं राहत नसेल तर वजनाची जागा चुकली आहे. तळापासून मीटरभर वर आडवे व्हा आणि अर्धा मिनिट काहीही हलवू नका. पाय आधी खाली गेले तर कंबरेवरचे १-२ किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर, खांद्यांकडे न्या, किंवा सिलिंडरच जॅकेटमध्ये बोटभर वर बांधा. डोकं खाली जात असेल तर उलटं करा.

हात हा नदीत पोहणाऱ्यांचा खास त्रास. पंचगंगेत, तलावात हातांनी पाणी कापायची सवय लागलेली असते. डाइव्हिंगमध्ये हात काहीच कामाचे नाहीत, फक्त हवा खातात. बोटं एकमेकांत गुंतवून पोटापाशी धरा. सुरुवातीला फार अवघड वाटतं, आणि हात सुटले की लगेच कळतं की तोल कुठेतरी बिघडलाय. दुसरी सवय त्याहून गंभीर: बुडी मारताना श्वास कोंडणं. सिलिंडरवर श्वास कोंडून वर येणं फुप्फुस फाटायला पुरेसं असतं. ही सवय हवेच्या बचतीसाठी नाही, जिवासाठी मोडायची आहे.

पाय मारायची बेडकासारखी पद्धत शिका. गुडघे वाकवून फिन्स (पायात घालायचे पंख) बाहेर वळवायच्या, दोन्ही तळवे एकत्र आणत पाणी मागे ढकलायचं, आणि मग थांबायचं. तो थांबाच महत्त्वाचा: दोन-तीन सेकंद नुसतं घसरत जायचं. सरळ सायकलसारखे पाय मारणारा थांबत नाही, म्हणून त्याची हवाही थांबत नाही. हे सिलिंडरशिवाय शिकता येतं. तलावात फिन्स आणि स्नॉर्केल लावून २५ मीटर किती झटक्यांत जाता ते मोजा आणि झटके कमी करत न्या. वेग वाढवायचा नाही.

आणि सावकाश चला. पाण्यात वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध जा, तळालगत राहा (तिथे प्रवाह मंद असतो), आणि परतताना तो पाठीशी घ्या.

मास्कचं एक सांगायला हवं. भरघोस मिशीवर मास्क बसत नाही, नाकाखाली सतत पाणी शिरतं. दर मिनिटाला मास्क रिकामा करणारा माणूस नाकाने जादा हवा सोडतो आणि अस्वस्थ राहतो. मिशी काढायची गरज नाही: नाकाखालची बोटाच्या पेराएवढी पट्टी बारीक करा, किंवा तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. मास्कचा पट्टा आवळून उपयोग होत नाही, उलट कड दुमडून जास्त गळतं.

आता श्वास

इतकं सगळं केल्यावर श्वासाकडे बघायचं. प्रत्येक श्वासातली १५० मिलिलिटरच्या आसपास हवा घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसात कामाला येत नाही. अर्ध्या लिटरचे उथळ श्वास मिनिटाला ३० घेतले तर १५ लिटर हवा जाते, त्यातले साडेचार लिटर फुकट. तेच १५ लिटर दीड लिटरच्या १० श्वासांत घेतले तर फुकट जातात दीड लिटर. म्हणून सावकाश आणि खोल. चार-पाच सेकंद आत, सहा-सात सेकंद बाहेर. सोडणं पूर्ण झालं पाहिजे, कारण उरलेला कार्बन डायऑक्साइडच पुढच्या श्वासाची घाई करतो. हे आकडे घड्याळ लावून पाळायचे नाहीत. जबरदस्ती वाटली की सोडून द्या आणि शरीराला हवा तसा श्वास घ्या.

श्वास अडवून, एक गाळून एक घेण्याची युक्ती काही जण आवर्जून शिकवतात. करू नका. वायू साठतो, डोकं दुखतं, आणि शेवटी धाप लागून वाचवलेली सगळी हवा दोन मिनिटांत जाते. डाइव्हनंतर नेहमी डोकं दुखत असेल तर तुम्ही बहुधा नकळत हेच करताय असं समजा.

खाली धाप लागलीच तर हवा वाचवायचा विचार सोडा. थांबा, बडीला खूण करा, कशाला तरी धरा, लांब श्वास सोडा. दोन मिनिटांत शांत वाटलं नाही तर बडीसोबत नेमाच्या वेगाने वर या. मेहनत न करता धाप लागणं, सोबत खोकला किंवा फेसाळ, गुलाबी थुंकी येणं हा हवेच्या खपाचा प्रश्न नाही. फुप्फुसात पाणी साठण्याची ती लक्षणं असतात. डाइव्ह संपवायची, ऑक्सिजन द्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. चांगला सराव असलेल्या माणसाचा खप अचानक वाढला आणि सामान ठीक असेल, तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुढची डाइव्ह नको.

आदल्या रात्रीचं जागरण आकड्यात दिसतं. पहाटे तीनला कोल्हापूर सोडून, घाट उतरून, आठला थेट पाण्यात उतरणाऱ्याचा पहिल्या डाइव्हचा खप नेहमीपेक्षा जास्त येतो. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा आणि तांबडा-पांढरा रस्सा परतल्यावर.

राखीव हवा यातून कापायची नाही

खप कमी झाला म्हणून सिलिंडरमध्ये ५० बार राखून ठेवायचा नियम सैल होत नाही. उलट १८ मीटरवर तो पुरतो का हे एकदा मांडून बघा. बडीची हवा संपली, दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा, मिळून ६०. तळाला गोंधळ आवरायला १ मिनिट (२.८ बार): १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटरने वर यायला २ मिनिटं (सरासरी १.९ बार): २२८. पाच मीटरवर ३ मिनिटं (१.५ बार): २७०. बेरीज ६६६ लिटर, म्हणजे ११.१ लिटरच्या सिलिंडरमधले ६० बार. म्हणून वरच्या हिशोबात वर निघायची खूण ६० ला धरली होती. सगळं करून ज्याचा खप मोठाच राहतो त्याने १५ लिटरचा सिलिंडर मागावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

खप सुधारल्यावर एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि घाटमाथ्यावरच्या माणसाला तो जास्त लागू आहे. आतापर्यंत हवाच आधी संपायची, त्यामुळे नायट्रोजनची मर्यादा (शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनमुळे खाली किती वेळ राहता येतं ती) गाठली जात नव्हती. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरची मर्यादा ५६ मिनिटं आहे, तीही दिवसाच्या पहिल्याच डाइव्हला. आता तुम्ही तिच्या जवळ जाल. आणि परतीचा रस्ता गगनबावड्याने असो, फोंड्याने किंवा आंबोलीने, चढ ३०० मीटरच्या बराच वर जातो. डाइव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या पुढे उंची धरतात. विमानासाठी डॅन (डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास सांगितले आहेत. घाटालाही तोच हिशोब लावा: दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढू नका. त्या रात्री मुक्काम खाली कोकणातच, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा काढा.